पुरीमला एवढा गोंगाट का?

प्रश्न: ठाण्यात आमच्या शेजारी बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारं यहुदी कुटुंब राहतं. होळीच्या सुमारास त्यांचा पुरीम असतो, तेव्हा आमच्याकडे न चुकता गोडाचं ताट येतं. हा सण नेमका कशाचा? प्रार्थना चालू असताना पोरं दंगा करतात तरी कुणी रागावत नाही, ते कसं? आणि आपण उलट काय पाठवावं?

उत्तर: रागावणार कसे, तो दंगा प्रार्थनेचाच भाग आहे! गोष्ट जुन्या इराणातली, शूशन राजधानीतली. राजाचा वजीर हामान, मर्दखय नावाचा यहुदी त्याच्यापुढे झुकत नाही एवढ्यावरून त्याने राज्यातले सगळेच यहुदी मारायचं ठरवलं आणि चिठ्ठ्या टाकून दिवसही काढला. मर्दखयने वाढवलेली एस्तेर तेव्हा राणी होती, पण न बोलावता राजासमोर जाणं म्हणजे जिवाशी खेळ, तरी ती तीन दिवस उपास करून गेली आणि डाव हामानवरच उलटला.

हे सगळं हाताने लिहिलेल्या गुंडाळीतून, म्हणजे मेगिल्लातून, आदल्या रात्री आणि सकाळी असं दोनदा वाचतात. त्यात हामानचं नाव 54 वेळा येतं, आणि ते आलं रे आलं की खुळखुळे, पाय आपटणं, टेबलं बडवणं, नुसता कल्ला. मग वाचणारा थांबतो, सगळं शांत झालं की पुढे, कारण प्रत्येक शब्द कानावर पडायलाच हवा. हामानच्या दहा मुलांची नावं मात्र एका दमात वाचायची. मुलं वेष बदलून येतात, खसखशीचं सारण भरलेल्या तिकोनी करंज्यांसारखी बिस्किटं असतात, कोकणातल्या घरांत पुरणपोळीही होते आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी याला होळीचा सण असंच नाव होतं. 2024 ला तर पुरीम आणि होळी एकाच दिवशी, 24 मार्चला आले.

पण मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती दानाची. त्या दिवशी निदान दोन गरिबांना काहीतरी द्यायचंच, आणि 12व्या शतकातल्या मायमोनिडीज या यहुदी धर्मपंडिताने तर स्पष्ट लिहिलंय की स्वतःच्या जेवणावळीपेक्षा गरिबांवर जास्त खर्च करा. शिवाय निदान एका यहुदी स्नेह्याला दोन खायचे पदार्थ पाठवायचे असतात. तुमच्याकडचं ताट नियमात बसत नाही हो, ते निव्वळ प्रेमाने येतंय.

उलट पाठवायला फळं उत्तम, न कापलेली. त्यांचे खाण्याचे नियम कडक असले तरी ती बिनधास्त चालतात.