जुनी पोलादी माउंटन सायकल पारखताना

गिअर आणि ब्रेक नंतर बदलता येतात. फ्रेम मात्र पारखूनच घ्यावी. १९८० आणि १९९० च्या दशकांतील उत्तम फ्रेमच्या क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या) नळ्या जोडांजवळ जाड आणि मध्यभागी पातळ असतात, त्यामुळे वजन तर घटतेच, शिवाय खडबडीत वाटेवर जी लवचीक, जिवंत चाल जाणवते, ती मला अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलीत कधीच सापडली नाही. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, बाहेर काढून त्यावर कोरलेला आकडा वाचा, २७.२ मिलिमीटर असेल, तर सीटची नळी बहुधा पातळ आणि फ्रेम वजनाला हलकी असते. सीटपोस्ट जागचा हलतच नसेल, तर सौदा सोडून द्यावा, कारण पोलादी नळीत जाम झालेला अ‍ॅल्युमिनियमचा दांडा फ्रेमला धक्का न लावता काढणे फार अवघड असते. त्यानंतर हँडलखालच्या जोडाच्या मागे, तिरप्या नळीच्या खालच्या अंगाने बोट फिरवा. तिथे सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर सायकल समोरून जोरात धडकलेली असण्याची दाट शक्यता आहे.

सोलापूरची कोरडी हवा अशा फ्रेमला मानवते, तरीही पावसाळा सरल्यावर बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाची जागा) उघडून आतील गंज पाहावा. हिप्परगा तलावाकडच्या कच्च्या वाटांवर जाणार असाल, तर बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबमध्ये सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारे द्रव) भरून घ्यावे.