बग की व्हल्नरेबिलिटी? सोसायटी ॲपमधल्या पाच गोष्टींचा निवाडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाकडच्या ऑफिसात हाउसिंग सोसायट्यांचं वेब ॲप तपासताना पाच गोष्टी सापडल्या. पावतीच्या लिंकमधला क्रमांक बदलला की दुसऱ्याच फ्लॅटची मेंटेनन्सची पावती उघडते. लॉगिनला 'हा नंबर नोंदलेला नाही' असं वेगळं उत्तर मिळतं. तक्रारीच्या रकान्यात स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) टाकली की ती चालते आणि अलर्ट येतो. ॲपचं पान दुसऱ्या साइटच्या फ्रेममध्ये, म्हणजे तिच्या पानातल्या चौकटीत, उघडतं. आणि क्लब हाउसच्या बुकिंगमध्ये उणे २ तास टाकता येतात. तुम्ही पाचही सिक्युरिटीत टाकल्या, म्हणजे व्हल्नरेबिलिटी (कोणाला गैरफायदा घेता येईल अशी सुरक्षेतली फट) म्हणून नोंदवल्या; डेव्हलपरने पाचही 'साधा बग' म्हणून परत केल्या.

दोघंही घाई करताय. प्रत्येक गोष्टीसाठी आधी एक वाक्य पुरं होतं का बघा: अमुक परवानगी असलेला माणूस, अमुक कृती करून, त्याला नियमाने मिळू नये असं अमुक मिळवतो किंवा बिघडवतो, आणि त्याची झळ अमक्याला बसते. 'ज्याच्याकडे डेटाबेसचा पासवर्ड आहे तो...' अशी सुरुवात करावी लागली, तर त्याला नवं काहीच मिळत नाही, सोडून द्या. करणारा आणि झळ बसणारा एकच निघाला तरी सोडून द्या. कुठे 'कदाचित' लिहावं लागलं, तर पुरावा कमी आहे.

बग किती गंभीर आहे, याचा इथे संबंध नाही. सगळ्या सभासदांना दुप्पट मेंटेनन्स लागला तर सेक्रेटरी दिवसभर फोनवरच राहतील, पण तो कोणी कोणावर केलेला हल्ला नाही. तो बग व्हल्नरेबिलिटीच्या आधी दुरुस्त करावा लागेल, हे खरं. म्हणून जिरामध्ये (बग नोंदवायच्या साधनात) 'सिक्युरिटी' आणि 'प्राधान्य' हे दोन वेगळे रकाने ठेवा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

'आपल्या सोसायटीत कोण हॅकर बसलाय?' हा डेव्हलपरचा ठरलेला प्रश्न. हॅकर नसतोच. पार्किंगवरून भांडलेला शेजारी असतो, किंवा घर सोडून गेलेला भाडेकरू असतो आणि त्याचं लॉगिन कोणी बंद केलेलं नसतं. दोघांकडे वैध खातं आहे. तुमचं तपासणीचं गृहीतक तेच हवं.

आता पावती. पाचांत हीच सगळ्यात खणखणीत, आणि नीट न तपासल्यामुळे सगळ्यात जास्त वेळा फेटाळली जाते तीही हीच. आधी खात्री करा की तुमचं टेस्ट खातं साध्या सभासदाचं आहे. टेस्टिंगच्या सर्व्हरवर बहुतेक खात्यांना कमिटीचा रोल दिलेला असतो, आणि खजिनदाराला सगळ्या पावत्या दिसणं हे त्याचं कामच आहे. मग दोन वेगळ्या ब्राउझर प्रोफाइलमध्ये दोन सभासद उघडा. पहिल्याच्या पावतीची रिक्वेस्ट बर्पच्या रिपीटरमध्ये (रिक्वेस्ट बदलून परत पाठवायच्या साधनात) घ्या, फक्त कुकी, म्हणजे लॉगिनची खूण, दुसऱ्याची लावा. तीच रिक्वेस्ट कुकी पूर्ण काढून पाठवा. शेवटी वेगळ्याच सोसायटीच्या सभासदाच्या कुकीने पाठवा. तिन्ही निकाल वेगवेगळे नोंदवा, कारण तिन्हींचं गांभीर्य वेगळं आहे. ब्राउझरच्या पत्त्यात आकडा बदलून बघू नका. आधी उघडलेली पीडीएफ ब्राउझरच्या कॅशमधून (साठवलेल्या प्रतीतून) परत येऊ शकते आणि भलताच निष्कर्ष निघतो. स्टेटस २००, म्हणजे सर्व्हरचं 'ठीक', आला म्हणजे पावती मिळाली असंही नाही. 'परवानगी नाही' हे वाक्यच २०० सोबत पाठवणारी ॲप्स भरपूर आहेत. उत्तराचा मजकूर वाचा.

डेव्हलपर म्हणेल, सोसायटीत थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लागते, मग पावतीत लपवायचं काय? मुद्दा अगदीच फालतू नाही. ॲपचा नियम काय आहे यावरच सगळं ठरतं. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० सभासदाला सभासदांची नोंदवही, इतिवृत्तं, ताळेबंद पाहू देतं. व्यवहारांच्या नोंदी मात्र त्याच्या स्वतःच्याच. शेजाऱ्याच्या पावतीवरचा मोबाईल आणि यूपीआयचा संदर्भ क्रमांक त्यात बसत नाही. आणि कोथरूडच्या सभासदाला हडपसरच्या सोसायटीची पावती दिसत असेल तर वादाला जागाच नाही.

हा प्रकार सीडब्ल्यूई-६३९ मध्ये येतो (सीडब्ल्यूई म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कमजोरींची क्रमांकित यादी). सीव्हीएसएस ३.१ ने (गांभीर्याला ० ते १० गुण देणाऱ्या पद्धतीने) मोजलात तर लॉगिन केलेल्या सभासदाला दुसऱ्याची मोजकीच माहिती दिसते तेव्हा ४.३, गोपनीयतेची हानी 'हाय' धरली तर ६.५, आणि लॉगिनशिवायच 'हाय' असेल तर ७.५. ६.५ लिहायचं असेल तर पावतीत नेमकं काय दिसतं ते लिहा, नाहीतर आकडा फुगवलाय असा आरोप होतो, आणि तो बरोबर असतो. क्रमांकाऐवजी यूयूआयडी (लांबलचक ओळख-क्रमांक) टाकून 'दुरुस्त' केलं म्हणाले तर मान्य करू नका. चौथ्या आवृत्तीच्या यूयूआयडीत १२२ बिट यादृच्छिक असतात, अंदाज लागत नाही, हे खरं. पण ती लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा फिरली की संपलं. सर्व्हरने दर वेळी 'ही पावती या खात्याची आहे का' हे बघायलाच हवं.

नोंदलेला नंबर सांगणारं लॉगिन: सोसायटी ॲपसाठी एकट्याने फार हलकं. आजाराशी संबंधित साइटवर हेच जड असतं, कारण तिथे खातं असणं हीच माहिती. पण तुम्ही त्याच पानावर ओटीपी तपासलात का? खरा ऐवज तिथे असतो. चार अंकी ओटीपीच्या शक्यता १०,०००. तो १० मिनिटं चालत असेल आणि सर्व्हर सेकंदाला २० प्रयत्न घेत असेल, तर ६०० सेकंदांत १२,००० प्रयत्न होतात, म्हणजे खातं हमखास उघडतं. पाच चुकांनंतर तो ओटीपी रद्द होत असेल तर एका फेरीत शक्यता ०.०५ टक्के. मात्र 'पुन्हा पाठवा' दाबल्यावर मोजणी शून्यावर येत असेल, तर १,००० फेऱ्यांत ती सुमारे ३९ टक्के होते. म्हणून मर्यादा खात्यावर हवी, आयपीवर नव्हे, आणि नव्या ओटीपीनेही ती पुसली जाता कामा नये. सर्व्हरच्या उत्तरातच ओटीपी परत येतोय का, हेही एकदा उघडून बघा. हसू नका, सापडतो.

तक्रारीतली स्क्रिप्ट अजून अर्धवट तपासलेली आहे. अलर्ट फक्त तुमच्याच स्क्रीनवर येत असेल तर ती स्वतःवरच चालवलेली स्क्रिप्ट, तिचं कोणी काही घेणार नाही. तीच तक्रार सेक्रेटरीच्या खात्यातून उघडा. तिथे चालली तर साध्या सभासदाचा कोड सेक्रेटरीच्या अधिकाराने चालला; ही साठवलेली एक्सएसएस (एकाने पेरलेला कोड दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालणं), आणि तुमच्या यादीत पावतीच्याही वर जाईल. अलर्टमध्ये १ ऐवजी डोमेनचं नाव छापा, म्हणजे स्क्रिप्ट खऱ्या ॲपच्या डोमेनवर चालते की जोडपत्रांसाठी ठेवलेल्या वेगळ्या डोमेनवर, हे कळेल. वेगळ्या डोमेनवर सत्राची कुकी पोचत नसेल तर धोका बराच उतरतो.

फ्रेमचं काढून टाका, निदान स्वतंत्र नोंद म्हणून. स्कॅनर हे दर पानाला लाल रंगात दाखवतो, पण क्लिकजॅकिंगला (लपवलेल्या फ्रेमवर फसवून क्लिक करून घ्यायला) दोन गोष्टी लागतात: फ्रेममध्ये वापरकर्ता लॉगिन झालेला दिसायला हवा, आणि एका-दोन क्लिकांत काही घडायला हवं. क्रोम ८० पासून, म्हणजे २०२० पासून, सेमसाइट (कुकी दुसऱ्या साइटवरून जावी का, हे सांगणारी खूण) न लिहिलेली कुकी 'लॅक्स' धरली जाते आणि दुसऱ्या साइटच्या फ्रेममध्ये जात नाही. तिथे लॉगिनचं पानच दिसेल. कुकीवर मुद्दाम 'नन', म्हणजे कुठूनही जाऊ दे, असं लिहिलेलं असेल, तर मात्र 'फ्लॅट हस्तांतर मंजूर' सारखं बटण शोधा. सगळे ब्राउझर क्रोमसारखे वागत नाहीत, म्हणून फ्रेममध्ये उघडायला मनाई करणारं हेडर सर्व्हरच्या उत्तराला लावून घ्या. एका ओळीचं काम आहे. पण त्याला व्हल्नरेबिलिटी म्हणून भांडू नका, पावतीसाठी लागणारी पत तिथे खर्च होते.

उणे २ तासांत निकाल हिशेबाच्या वहीत आहे, स्क्रीनवर नाही. पेमेंट गेटवेने उणे रक्कम नाकारली आणि बुकिंग अडकलं, तर साधा बग. सभासदाच्या खात्यात रक्कम जमा दिसली आणि पुढच्या बिलातून वजा झाली, तर ती व्हल्नरेबिलिटी, मग 'यात हॅकिंग कुठे आहे' असं कोणी कितीही म्हणो. पैसे सोसायटीचे गेले. त्याच फॉर्मवर रकमेचा आकडा ब्राउझरमधून जातो का तेही बघा; तो सर्व्हरनेच काढायला हवा.

हे सगळं टेस्टिंगच्या सर्व्हरवर आणि लेखी परवानगीने. चालू ॲपवर खऱ्या लोकांच्या पावत्या क्रमाने उतरवल्या, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ची कलमं ४३ आणि ६६ तुमच्यावरच येऊ शकतात. पुराव्याला दोन टेस्ट खात्यांमधली एक पावती पुरते. लीडला पटत नसेल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ दाखवा: वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

दुरुस्ती आली की जतन केलेल्या त्याच रिक्वेस्ट परत पाठवा, आणि मोबाईल ॲपच्या जुन्या आवृत्तीच्या एपीआयवरही (ॲप सर्व्हरशी ज्यातून बोलतं त्या रस्त्यावर) पाठवा. वेबचा रस्ता बंद करून जुना एपीआय तसाच उघडा राहतो, हे फार वेळा होतं.