अनेक देशांत वाढल्यामुळे सगळीकडेच परके वाटते; घर कुठे शोधावे?

आपण लिहिले आहे की, वडिलांच्या नोकरीमुळे आपले बालपण दुबई, सिंगापूर आणि टोरांटो येथे गेले, घरात मराठीच बोलली जात असे, आणि आता पुण्यात नोकरी करत असूनही आपण येथे पाहुणेच आहोत असे वाटते. मग घराच्या शोधात आणखी कुठे जावे का? माझे वडील सदाशिव पेठेतले, आई नैरोबीत वाढलेली गुजराती, आणि माझे शिक्षण निम्मे नैरोबीत, निम्मे हॅम्बुर्गमध्ये झाले. मनातल्या मनात हिशेब मी अजूनही गुजरातीत करते. त्यामुळे आपली तगमग मला जवळून ठाऊक आहे.

या अवस्थेचा अभ्यास सुरू झाला तो भारतातच. 1950 च्या दशकात रूथ हिल युसीम या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. आई-वडिलांची एक संस्कृती, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोहोंच्या मध्ये अशा कुटुंबांनी आपसांत घडवलेली तिसरी, अशी मांडणी त्यातून पुढे आली. या तिसऱ्या संस्कृतीत वाढलेल्या मुलांचे एकमेकांशी चटकन जुळते. मात्र नकाशावर बोट ठेवून दाखवावा असा मुलूख तिला नसतो.

परदेशातल्या परकेपणापेक्षा पुण्यातला अधिक बोचतो, असे आपण म्हणता, आणि त्याला कारण आहे. हॅम्बुर्गमध्ये माझा चेहरा पाहूनच लोक समजून घेत आणि चुकले तर सांगत. येथे चेहरा इथला, आडनाव इथले, त्यामुळे सगळे ठाऊक असणारच असे गृहीत धरले जाते. आडनाव ऐकले की मूळ गाव कोणते, ते सांगितले की कुलदैवत कोणते, हे ओघाने येतेच. ही चौकशी आपल्याला बाहेर ठेवण्यासाठी नसते. कुठेतरी धागा जुळतो का, हे पाहण्याची ती आपल्या लोकांची रीत आहे. पण ज्याच्याकडे एका वाक्यात देण्याजोगे उत्तर नाही, त्याला ती परीक्षेसारखी वाटते. शिवाय आई-वडिलांकडून आपल्याला मिळालेले पुणे ते निघाले त्या साली थांबलेले असते. माझ्या वडिलांच्या बोलण्यात सायकलींचे, वाड्यांचे, 1961 च्या पानशेतच्या पुरातून सावरलेले शहर असे. मी आले तेव्हा त्यांच्या वाड्याच्या जागी सहा मजली इमारत उभी होती.

आणखी एक गोष्ट आपण लिहिलेली नाही, पण ती असणार. प्रत्येक देश सोडताना मैत्रिणी गेल्या, शेजार गेला, माझ्या बाबतीत नैरोबीच्या रस्त्यांवरचा जॅकरंडाचा जांभळा बहर गेला, रोजच्या वापरातली स्वाहिली गेली, आणि भोवतालचे सगळे म्हणत राहिले, "किती नशीबवान, केवढे जग पाहिलेस!" त्या दुःखाला कुणी दुःख म्हटलेच नाही. आपण ते खुशाल म्हणावे. पुण्यात रुळण्यासाठी सिंगापूर विसरण्याची मुळीच गरज नाही.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचा जन्म 1905 साली ब्रह्मदेशात झाला आणि तिथल्या नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. वयाच्या सातव्या वर्षी त्या पुण्यात हुजूरपागेत शिकायला आल्या, पुढे बर्लिनला जाऊन डॉक्टरेट घेतली, आणि परतल्यावर महाराष्ट्र पायांखाली घालून, इथल्या माणसांची कुळे, नाती, चालीरीती नोंदवून, पालखीबरोबर चालून त्यांनी तो जाणून घेतला. त्यांचे उदाहरण मला मोलाचे वाटते, कारण जन्माने न मिळालेला प्रदेश कामाने आपलासा करता येतो, हे त्यात दिसते.

माझ्यापुरते सांगायचे तर दर गुरुवारी मी अंध विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके वाचून दाखवते. माझ्या तोंडात सगळे च आणि ज एकाच साच्याचे होते. बारावीतली एक मुलगी मला मध्येच थांबवून म्हणायची, "ताई, 'जग' मधला ज दातांजवळचा, 'जीव' मधला नाही." मग मी ते वाक्य पुन्हा वाचायचे आणि ती मान डोलावून पुढे जायला सांगायची. एकदा तापामुळे जाता आले नाही, तर पुढच्या आठवड्यात तिघीचौघींनी कुठे होता म्हणून विचारले. आपण न आल्याने कुणाचे तरी अडते, हे मला या शहरात तेव्हा प्रथम कळले, आणि मूळ गावाचा प्रश्न त्यानंतर तितकासा टोचेनासा झाला.

म्हणून सध्या शहर बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या शहरातही पहिली काही वर्षे अशीच जातील. आपल्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे कार्ड, असल्याचे आपण लिहिले आहे. त्यावर येथे हवे तितके राहता येते, नोकरी करता येते, मात्र मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. त्या मर्यादा आहेतच, पण नेमाने कुणाच्या उपयोगी पडण्यास त्यांची आडकाठी नाही. वाचनच करावे असे नाही. टेकडीवरची झाडे जगवणे, सोसायटीच्या समितीत काम करणे, काहीही चालेल, फक्त तीच माणसे दर आठवड्याला भेटतील असे काम निवडा आणि निदान वर्षभर सोडू नका. वाचनाकडे ओढा असेल तर परीक्षा जवळ येण्याची वाट न पाहता आताच एखाद्या अंध विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात चौकशी करा; इंग्रजी पुस्तके वाचणारेही त्यांना हवेच असतात.