घरातल्या माणसाच्या हातून समाजाचं नुकसान होत असेल, तर घराशी इमान राखावं की समाजाशी?

समाजाशी. फक्त त्या माणसाला आधी तोंडावर सांगा, मग बाहेर बोला.

वडील गेल्यावर काकांनीच मला वाढवलं, शिकवलं. पुढे त्यांच्या बांधकामाच्या धंद्याचे हिशेब मी बघायचे. एका शाळेच्या गॅलरीचं काम चालू होतं. लोखंडाच्या पावतीवरचं वजन काही केल्या ड्रॉइंगशी जुळेना, म्हणून स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी टेप घेऊन वर गेले. ड्रॉइंगमध्ये 12 एमएमची सळई, दर 125 मिलिमीटरवर. प्रत्यक्षात बांधलेली 10 एमएमची, दर 200 वर. म्हणजे लोखंड निम्म्याहूनही कमी. आणि गॅलरी एका बाजूने अधांतरी, मधल्या सुट्टीत सगळी पोरं कठड्याशी गर्दी करणार.

काका म्हणाले, "एवढ्याने काही होत नाही. तुझी फीसुद्धा याच धंद्यातून भरली." रात्री मी डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरना फोन केला. सकाळी काम थांबलं, सगळी जाळी सोडून नव्याने बांधावी लागली. पुढची कामं काकांच्या हातून गेली. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. आत्या म्हणते, खाल्ल्या घरचे वासे मोजलेस.

चुलतभावाचं म्हणणं वेगळंच: "बाहेरच्या कुणी सांगितलं असतं तर चाललं असतं, तू नको होतीस." अरे, पण बाहेरच्याला कळणार कसं? काँक्रीट पडलं की सळई दिसत नाही. अमेरिकेत टेड कझिन्स्की 1978 ते 1995 बॉम्ब पाठवत राहिला, तीन माणसं मारली, एफबीआयला सापडला नाही. वर्तमानपत्रात त्याचा मजकूर छापून आल्यावर लिहिण्याची ढब ओळखली ती सख्ख्या भावाने, डेव्हिडने, आणि भावजयीने. डेव्हिडने कळवलं, आणि मग त्याच भावाला मृत्युदंड होऊ नये म्हणून झगडलाही. त्याला घरभेदी म्हणणाऱ्याशी मला बोलायचंच नाही.

हां, नुकसान घरापुरतंच असेल, उधारी किंवा आपसातली भांडणं, तर चव्हाट्यावर नेऊ नका. आणि मारहाणीची भीती असेल तर तोंडावर सांगायच्या फंदातही पडू नका. कागद, फोटो आधी घराबाहेर विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. बाकी "तू नको होतीस" असं कुणी म्हणालंच, तर मग कोणी बोलायला हवं होतं, त्याचं नाव विचारा. माझ्या चुलतभावाला ते अजून सांगता आलेलं नाही.