आण्णांची फाइल आणि मुलीची नोकरी

पत्र (थोडक्यात) : मी भूम तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. माझ्या थोरल्या भावाला, आण्णांना, फुप्फुसाचा कॅन्सर झाला होता. माझी मुलगी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. सोलापूर, बार्शी, मुंबई सगळीकडे तीच त्यांच्याबरोबर गेली. तारखा, गोळ्या, खर्च असं सगळं तिनं एका वहीत लिहून ठेवलं. आण्णा गेल्या दिवाळीआधी गेले. आता ती म्हणते, कॅन्सरच्या पेशंटना वाट दाखवायचं शिक्षण असतं, मला तेच करायचंय. मला वाटतं तिनं बी.एड. करावं. लोकांच्या फायली घेऊन पळणं ही काय नोकरी झाली? शिवाय रोज तेच दुःख बघून पोरगी खचेल. स्थळं येताना काय सांगायचं, तेही कळत नाही.

उत्तर :

गुरुजी, नमस्कार.

तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात त्या एका गोष्टीपासून सुरुवात करतो. मुंबईच्या डॉक्टरांनी 'ब्लॉक आणा' म्हटलं, तेव्हा मुलगी रात्रीच्या गाडीनं सोलापूरला परतली, लॅबमधून ब्लॉक सोडवला आणि तिसऱ्या दिवशी परळला हजर झाली. ब्लॉक म्हणजे मेणाची काडेपेटीपेक्षाही लहान वडी. फुप्फुसातून सुईनं काढलेला दोऱ्याएवढा तुकडा तिच्यात बसवलेला असतो. गाठ कुठल्या जातीची आहे हे बघायला त्याचेच काप लागतात, आणि ईजीएफआर, एएलके या जनुकांतले बदल तपासायलाही त्याचेच. पहिल्याच लॅबनं तो संपवला, तर पेशंटला पुन्हा सुई. ब्लॉक कपाटात पडून राहिला, तर गोळीनं आटोक्यात येणाऱ्या आजाराला सलाईनची केमो सुरू होऊ शकते. आपल्याकडे अ‍ॅडिनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या प्रकारात साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये ईजीएफआरचा बदल सापडतो. तुमच्या आण्णांमध्ये तो सापडला आणि गोळीवर त्यांचं दीड वर्ष बरं गेलं. औषध डॉक्टरांनी दिलं हे खरंच, पण ती वडी वेळेवर पोचली म्हणून ते देता आलं.

तुम्ही ज्याला 'फायली घेऊन पळणं' म्हणता, ते हे काम. याला पेशंट नेव्हिगेशन म्हणतात. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातले सर्जन हॅरोल्ड फ्रीमन यांनी 1990मध्ये त्याची पद्धतशीर सुरुवात केली. त्यांच्याकडे येणाऱ्या गरीब बायकांचा स्तनाचा कॅन्सर फार पुढे गेलेला असे. उपचार होते, पण तिथवर पोचण्याची वाट अवघड होती. मग वाटेतले खड्डे ओळखून पेशंटला पार नेणारी माणसं त्यांनी नेमली. आपल्याकडे टाटा मेमोरियलनं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या (टिस) साथीनं 2019मध्ये याचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. त्याचं नाव 'केवट'. रामाला नदीपार नेणारा नावाडी तुम्हाला मी सांगायला नको.

यात फुप्फुसाचा कॅन्सर जास्तच अवघड, कारण घोटाळा पहिल्या पायरीलाच होतो. आण्णांच्या थुंकीत दोनदा जंतू सापडले नाहीत, तरी एक्स-रेवरचा डाग बघून टीबीचा कोर्स सुरू झाला आणि अडीच महिने गेले, असं तुम्ही लिहिता. आपल्या भागात हे नवीन नाही. टीबी इतका आहे, की डाग दिसला की आधी तोच आठवतो. नंतर सीटी, बायोप्सी, कॅन्सर अंगात कुठं पसरलाय ते बघणारा पेट स्कॅन, आणि प्रत्येकाची खिडकी वेगळी. माझ्या मावसभावाचा पेट स्कॅन एका मोठ्या हॉस्पिटलात रद्द झाला, कारण सकाळी सहाला त्यानं टपरीवर गोड चहा घेतला होता. उपाशी यायचं हे कागदावर इंग्रजीत छापलेलं होतं. पुढची तारीख बारा दिवसांनी. चांगला नेव्हिगेटर आदल्या रात्री फोन करतो आणि 'उपाशी या' एवढ्यावर थांबत नाही, 'चहासुद्धा नाही' असं सांगतो.

केमो आणि रेडिएशन एकत्र द्यायचं ठरलं, तर आठवड्याचे पाच दिवस असे सुमारे सहा आठवडे मुंबईत काढावे लागतात. इथं पेशंट परत फिरतो तो राहायला जागा नाही म्हणून. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर समिती इथं कधी, कुठला कागद घेऊन जायचं. रेल्वेत स्लीपरला पेशंटचं तिकीट माफ आणि सोबत्याला 75 टक्के सवलत असते, तिचा फॉर्म कोण भरून देतं. महात्मा फुले योजनेची मंजुरी रेशनकार्डावरच्या नावातल्या एका काना-मात्रेवरून अडली तर आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलातल्या माणसाला, काय दाखवायचं. केमोनंतर ताप 100.4च्या वर गेला तर घरी क्रोसिन देत बसायचं नाही, हे कुणी आणि किती वेळा सांगायचं. हे सगळं शिकावं लागतं, गुरुजी. तुमच्या मुलीनं ते ठेचा खात शिकलंय.

आता नोकरीचं. इथं मी गोड बोलणार नाही. शिक्षकाच्या पगाराशी तुलना केलीत, तर सुरुवात कमीच वाटेल, आणि बऱ्याच जागा कराराच्या असतात. दुसरं म्हणजे पाटी बघून भुलू नये. खासगी हॉस्पिटलात 'केअर कोऑर्डिनेटर' नावाखाली कधीकधी पेशंट आणून भरती करायचं टार्गेट असतं. मुलाखतीत तिनं सरळ विचारावं, माझं काम कशावर मोजणार? उत्तरात 'कन्व्हर्जन', म्हणजे चौकशीला आलेल्यांतले किती भरती केले, हा शब्द आला, तर चहा पिऊन उठावं.

तुम्हाला कायम नोकरीची ओढ असेल, तर मधला रस्ता एम.एस.डब्ल्यू.चा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा. बी.एस्सी.वर तो करता येतो. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन आणि टिस ही जुनी ठिकाणं. वैद्यकीय व मनोविकृती समाजकार्य हा विषय घ्यावा. सरकारी रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' हे पद असतं, त्याला हीच पदवी लागते. माझा कल इकडेच आहे. दोन वर्षं जातात, पण पायाखाली जमीन राहते आणि कॅन्सरचं खास शिक्षण नंतरही घेता येतं. बी.एड. तिच्यावर लादू नका, एवढंच म्हणेन.

स्थळांचं विचारलंत. 'हॉस्पिटलात समाजसेवा अधिकारी आहे' असं सांगा. त्यावरून नाक मुरडणारं घर आपोआप गळेल.

ती खचेल का, ही तुमची काळजी मात्र मला खरी वाटते. ती धावली ती आण्णांसाठी. रोज तिसऱ्याच कुणाच्या आण्णांसाठी, तेही तो माणूस तिच्यावर खेकसत असताना, जमेल का? हे तिलाही आज ठाऊक नसणार. दुःख ताजं असताना घेतलेला निर्णय वर्षाच्या फीवर तपासायचा नसतो. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल तुम्हाला जवळ आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987मध्ये तिथूनच सुरू झाली, आणि गावोगाव फिरून माणसं गाठणं हाच तिचा पाया. तिथल्या समाजसेवा विभागात तिनं स्वतः जाऊन विचारावं, महिना-दोन महिने बिनपगारी बसू द्याल का? नाही म्हणाले तर सोलापूरला विचारावं. घरी आल्यावर ती जेवते का, झोपते का, तेवढं तुम्ही बघा.

आणि ती वही मला हवी आहे. जशीच्या तशी नको. पहिल्या खोकल्यापासून पहिल्या गोळीपर्यंतचे दिवस तिनं ओळीनं मांडावेत आणि वाया गेलेल्या प्रत्येक दिवसापुढे लिहावं, तो कुणाच्या एका फोननं वाचला असता. आण्णांबद्दल एक ओळही नको. असं लिहिता आलं तर कागद मला पाठवा. नाही आलं, तरी कळवा. मग प्रवेशाचं वर्षभरानं बघू.