बाहेरून ठणठणीत दिसणारा माणूस असा अचानक कसा जातो?

तुमच्या शेजारचा धडधाकट मुलगा पळता पळता कोसळला, तेव्हापासून तुम्हाला कशाचाच भरवसा वाटेनासा झालाय आणि तुम्ही विचारलंय, आतलं दुखणं आधी कळत नाही का? कधी कधी कळतं. आमच्या घरात ते कळण्यासारखं होतं, पण कुणी विचारलंच नाही.

माझा धाकटा भाऊ जत्रेतल्या कबड्डीत गेला. वय 24. चढाई करून परत आला, मधली रेषा ओलांडून दोन पावलं टाकली, आमच्याकडे बघून हसला आणि सरळ तोंडावर पडला. आम्हाला वाटलं फिट आली. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी पाणी मारलं, मी त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. छाती मात्र कुणीच दाबली नाही. अशा वेळी ती जोरजोरात दाबत राहायची असते, हे मला नंतर कळलं. हृदय बंद पडल्यावर नुसतं बघत घालवलेल्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी कमी होते म्हणे. त्या जुडग्याची आठवण मला अजून झोपू देत नाही.

शवविच्छेदनात हृदयाचा स्नायू जाड निघाला. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. साधारण 500 माणसांत एकाला असते. कमकुवत काळीज म्हणजे झिजलेलं, पातळ झालेलं, असंच आपण धरून चालतो ना? इथं उलटं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत वाजवीपेक्षा जाड होते. दुसरं काही कारण नसताना ती 15 मिलिमीटर किंवा जास्त भरली की हा आजार धरतात. भिंत जाड, पण आतले तंतू ओळीत नसतात, पेंढी सुटून कडबा विस्कटावा तसे असतात. त्यातून विजेचा प्रवाह भरकटला की हृदय रक्त ढकलायचं सोडून नुसतं थरथरत राहतं. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए 2003 मध्ये भर सामन्यात असाच कोसळला होता. तोही 28 वर्षांचाच.

डॉक्टरांनी आईला विचारलं, "माहेरी कुणी अचानक गेलंय का?" आई म्हणाली, "नाही." जरा वेळानं म्हणाली, "माझा थोरला भाऊ शेतात गेला, पण त्याला पान लागलं होतं." साप कुणी पाहिला होता? कुणीच नाही. दंशाची खूण? तीही नाही. 31 वर्षांचा गडी बांधावर मरून पडला, म्हणजे साप असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि तीस वर्षं तेच सांगत राहिले. हा आजार बऱ्याचदा रक्तातून येतो. आईला किंवा बापाला असला, तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी.

मग आमचा इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. अंधारी खोली, डाव्या कुशीवर झोपायचं, छातीवर गार जेली. डॉक्टर एकाच जागी पुन्हा पुन्हा माप घेऊ लागले तेव्हाच मी समजलो. 17 मिलिमीटर. मला त्या दिवसापर्यंत धापसुद्धा लागली नव्हती.

आईची 19. वय 58, रोज दोन म्हशींची धार काढते, वैरणीचा भारा डोक्यावरून आणते. माझ्यापेक्षा जाड भिंत घेऊन ती जगली आणि तिचा लेक गेला. याचा हिशोब मला लागत नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले की एकाच घरात हा आजार प्रत्येकाशी वेगळा वागतो.

म्हणून तुमच्या शेजाऱ्यांना एक निरोप द्याच. मुलाला हाच आजार होता की नाही मला माहीत नाही, पण त्याच्या आईवडिलांनी आणि भावंडांनी इसीजी आणि इको करून घ्यावा. खेळताना, पळताना चक्कर येऊन पडलं तर "उन्हानं झालं" म्हणून सोडून देऊ नये. आणि घरात कोण कोण कशानं गेलं ते म्हाताऱ्या माणसांना नीट खोदून विचारावं, साप खरंच होता का तेही.

माझ्या डाव्या खांद्याजवळ कातडीखाली आता काडेपेटीपेक्षा जरा मोठं मशीन आहे. ठोके भरकटले तर ते आतूनच शॉक देईल. अजून दिलेला नाही. माझी मुलगी 9 वर्षांची आहे, तिचा इको दर वर्षी होतो, आतापर्यंत ठीक आहे. आई मात्र दर अमावास्येला आमची दृष्ट काढते, आणि मीठ-मोहरीची मूठ माझ्या डाव्या खांद्याजवळ जरा जास्त वेळ फिरवते.