कवट्यांचा ढीग घरात लावावा का?

प्रश्न : सर, माझी मुलगी यंदा इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसतेय. तिने एका रशियन चित्राची नक्कल करून हॉलमध्ये लावली आहे. चित्रात कवट्यांचा डोंगर आणि त्यावर कावळे! आमचे दीर म्हणतात, "असलं अभद्र काहून लावता घरात?" मला एवढंच विचारायचंय, या चित्रकाराने युद्ध खरंच पाहिलं होतं, की हे घरबसल्या काढलं?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, दोन्ही खरं. चित्र वासिली वेरेश्चागिनचं. १८७१ साली म्युनिकच्या स्टुडिओत बसून काढलेलं. सध्या मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. पण १८६८ मध्ये मध्य आशियातल्या समरकंदच्या वेढ्यात याच माणसाने हातात बंदूक घेतली होती आणि शौर्याचं सेंट जॉर्ज पदकही मिळवलं होतं. पुढे तुर्कस्तानशी झालेल्या युद्धात डॅन्यूब नदीवर त्याच्या मांडीला गोळी लागली, आणि प्लेव्हनाच्या लढाईत सख्खा भाऊ गेला.

मुलीला म्हणावं, कवट्या जवळून बघ. काहींवर तलवारीचे घाव आहेत, काहींना गोळीची भोकं. वर स्वच्छ निळं आकाश, खाली करपलेली पिवळी जमीन. आपल्याकडचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन आठवावं. काळा रंग ओतून भीती दाखवायचा सोपा मार्ग त्याने घेतला नाही, हे मला फार आवडतं. चौकटीवर अर्पणपत्रिका आहे : झालेल्या, असलेल्या आणि होणाऱ्या सर्व थोर विजेत्यांना.

तुमच्या दिरांसारखे लोक तिथेही होते, फक्त गणवेशातले. रणात मागे राहिलेल्या एका रशियन सैनिकाचं प्रेत आणि त्यावर उतरणारे पक्षी त्याने रंगवले, तर सेनापती भडकले : आमचं सैन्य आपले मेलेले असे टाकून जात नाही! वेरेश्चागिनने १८७४ मध्ये ते चित्र आणखी दोन चित्रांसह जाळून टाकलं. मला अजून हळहळ वाटते.

आपल्याशीही त्याचा संबंध आहे. तो दोनदा हिंदुस्थानात येऊन गेला. नंतर इंग्रज बंडवाल्यांना तोफेच्या तोंडी देतात, असं मोठं चित्र त्याने काढलं. त्यातले गोरे शिपाई १८५७ चे नव्हेत, थेट १८८० च्या दशकातले! म्हणजे ही शिक्षा अजूनही चालते, असा त्याचा अर्थ निघे. इंग्रज चिडले, ते यावरूनही. १९०४ मध्ये रशिया-जपान युद्धात पोर्ट आर्थर बंदरापाशी सुरुंग लागून रशियन युद्धनौका बुडाली, त्यात तोही गेला.

परीक्षेचं म्हणाल तर स्मरणचित्राला बाजार, बसस्टॉप असलेच विषय येतात, तेव्हा माणसांचा सराव करू द्या. आणि दिरांना मंगल काही हवंच असेल, तर जयपूरच्या शाही मिरवणुकीचे सजवलेले हत्ती याच माणसाने रंगवलेत. ते भलंथोरलं चित्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. मात्र त्याची नक्कल लावायला तुमचा हॉल पुरायचा नाही.